संकटकाळचा बटवा : घराबाहेर पडताना जवळ काय असावे?

वर्धा : १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी स्लीपर बस समृद्धी महामार्गावर बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पाहता पाहता पेटली. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा होरपळून मृत्यू झाला. मृतांमध्ये वर्ध्याचेही प्रवासी होते. बस दरवाजाच्या कुशीवर कलंडल्याने बाहेर पडण्याचा नेहमीचा मार्गच बंद झाला होता. वाचलेल्या आठ जणांपैकी काहींनी खिडकीची काच फोडून जीव वाचविला.

या दुर्घटनेनंतर बसगाड्यांची रचना, चालकांची विश्रांती, महामार्गावरील वेग यांविषयी पुष्कळ चर्चा झाली व ती आवश्यकही होती. त्या रात्रीची आणखी एक बाजू मात्र फारशी बोलली गेली नाही. अपघात असो, आग असो, पूर असो वा उष्माघात, पहिली काही मिनिटे माणूस एकटाच असतो. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या हाताशी जे असेल, तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. बसच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत कितीही उपयोगी वस्तू असली, तरी त्या क्षणी तिचा उपयोग शून्य.

वर्ध्याहून नागपूरला रोज 'अप-डाउन' करणारे नोकरदार, सावंगी व सेवाग्राम येथे शिकणारे विद्यार्थी, हिंगणघाट, आर्वी, देवळी येथून जिल्ह्याच्या ठिकाणी कामाला येणारे कर्मचारी आणि सणासुदीला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे-मुंबई गाठणारी तरुण मंडळी यांच्या दिवसाचा बराच भाग घराबाहेर जातो. एसटी कर्मचाऱ्यांच्या नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात घरी परतायचे कसे, हा प्रश्न यांपैकी अनेकांना रोज पडत असे. अशा माणसाच्या खिशात किंवा खांद्यावरच्या पिशवीत कोणत्या मोजक्या वस्तू कायम असाव्यात, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

कल्पना जुनीच

इंग्रजीत ज्याला 'सर्व्हायव्हल किट' म्हणतात, त्याची आजची छोटी डबी युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागल्यास उपयोगी पडावी म्हणून ब्रिटिश वैमानिकांना एक चपटी डबी दिली जाई. सुरुवातीला त्यासाठी सिगारेटचे पत्र्याचे डबेच वापरले गेले. त्यात दुधाच्या वड्या, आगकाड्या, इवलेसे होकायंत्र, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि सुई-दोरा असे. पुढे जंगलभ्रमंती करणाऱ्यांनी ही कल्पना उचलली आणि त्यात मासे पकडण्याचा गळ, ससे अडकविण्याची तार, चकमक यांची भर पडली. आज बाजारात तयार मिळणाऱ्या बहुतेक संचांवर या जंगली वारशाची छाप आहे. वर्ध्याच्या बजाज चौकात गळ आणि चकमक यांचे काय करायचे, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आपल्याकडे याच गोष्टीला बटवा म्हणत. आजीबाईच्या बटव्यात सुंठ, ओवा, हिंग, लवंग आणि जायफळ असे, शिवाय सुई-दोरा आणि चार सुटे पैसेही असत. त्यात प्रत्येक वस्तू घरात वारंवार घडणाऱ्या एखाद्या दुखण्याला धरून ठेवलेली असे, हे महत्त्वाचे. सेवाग्राम आश्रमात आजही साप पकडण्याचा लाकडी चिमटा व साप ठेवण्याचा पिंजरा पाहायला मिळतो. आश्रमाच्या परिसरात साप वारंवार निघत; त्यांना मारायचे नाही, हे ठरलेले होते. म्हणून पकडून दूर सोडण्याचे साधन हाताशी ठेवले गेले. आपल्या जागी नेमका कोणता धोका संभवतो हे आधी पाहावे आणि साधन त्यावरून ठरवावे, ही पद्धत शहरातील बटव्यालाही लागू पडते.

वर्धा जिल्ह्यात हे धोके कोणते? उन्हाळ्यातील जीवघेणे ऊन, रस्त्यावरील अपघात, पावसाळ्यात दुथडी वाहणारे नाले व कोसळणाऱ्या विजा, वादळाने अचानक जाणारी वीज आणि मोबाइलचे नेटवर्क, तसेच आधीपासून असलेल्या आजाराचे प्रवासातच उलटणे. भूकंप किंवा चक्रीवादळ यांच्यासाठी येथे कोणी डबी भरून फिरण्याची गरज नाही.

उन्हाचा तडाखा

यांत उन्हाचा क्रमांक पहिला. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि ते सरासरीहून साडेचार अंशांनी अधिक गेले, तर हवामान विभाग त्यास उष्णतेची लाट मानतो. पारा ४५ अंशांवर गेला की सरासरी न पाहताच लाट समजली जाते. ४७ अंशांवर ती तीव्र ठरते. मे महिन्यात ४५ अंश ही संख्या वर्धेकरांना नवी नाही. त्यामुळे येथील बटव्यात शेला किंवा दुपट्टा व पाण्याची बाटली यांना पर्याय नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी समजूत विदर्भात घरोघर आहे. तिला शास्त्रीय आधार नाही; मात्र कांदा ठेवण्याची आठवण ज्याला राहते, तो पाणी आणि शेलाही विसरत नाही, एवढा लाभ मान्य करायला हरकत नसावी.

पाण्याच्या जोडीला जलसंजीवनी, म्हणजे ओआरएसची पुडी ठेवावी. अतिशय स्वस्त असलेल्या या पुडीमागे मोठे विज्ञान आहे. आतड्यातील पेशी ग्लुकोज आत घेताना त्यासोबत मीठही ओढून घेतात आणि मिठामागे पाणी शरीरात शिरते. नुसत्या पाण्याने हे काम तितक्या वेगाने होत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मीठ-पाण्याचे हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असे २०.५ ग्रॅम मिश्रण असते. येथे एक चूक सर्रास केली जाते. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी केली जाते किंवा त्यातील चिमूटभर भुकटी पेल्यात टाकली जाते. पहिल्या प्रकारात द्रावण दुप्पट तीव्र होते व ते अपायकारक ठरू शकते. दुसऱ्यात प्रमाणाचा भरवसा राहत नाही. बटव्यासाठी २०० मिलिलिटरची छोटी पुडी अधिक सोयीची, कारण एक पुडी आणि एक पेला हा हिशेब गोंधळातही चुकत नाही. मोठ्या पुड्या सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हा घरगुती उपाय आहेच. कागदी खोक्यांतून 'ओआरएस' या नावाने विकली जाणारी गोड पेये हा वेगळा प्रकार होय. सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर हे नाव छापण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ही पुडी जवळ ठेवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेले बरे.

जलसंजीवनी थकवा, पेटके व घामाने आलेल्या अशक्तपणासाठी आहे, उष्माघातासाठी नव्हे. अंग भाजल्यासारखे तापले आहे, माणूस असंबद्ध बोलतो आहे, झोकांड्या खातो आहे किंवा शुद्ध हरपली आहे, अशी लक्षणे दिसली तर तोंडाने काहीही देऊ नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, ओला शेला मान, काखा व जांघा येथे ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे. आजारपणातील तापात मेंदूच शरीराचे तापमान वाढवून ठेवतो व गोळी ती आज्ञा मागे घ्यायला लावते. उष्माघातात शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते.

विदर्भात पाण्याची बाटली आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. येथे सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय संख्येने आहेत. शरीरातील पाणी कमी झाले की या रुग्णांच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. अशा रुग्णाने तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे आणि आपले सिकलसेलचे कार्ड बटव्यात ठेवावे. अनोळखी शहरातील डॉक्टरला ते कार्ड पाहताच निम्मे निदान कळते.

मधुमेही व्यक्तींसाठी बटव्यात ग्लुकोजची पुडी किंवा साखर हवी. रक्तातील साखर एकाएकी उतरली असता, रुग्ण शुद्धीवर असेल तर साधारण तीन चमचे साखर लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. चॉकलेट या कामाचे नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते आणि वर्ध्याच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत घनरूप राहत नाही, हेही आहेच. गाडी कुठे तरी चार तास खोळंबली तर पोटाला आधार म्हणून मात्र परदेशी वड्या शोधण्याची गरज नाही. गोरस भांडारचा गोरसपाक हाताशी असताना वर्धेकराला त्याची उणीव भासू नये.

बोलता येत नसेल तेव्हा

बटव्यातील सर्वांत हलकी आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे एक कागद. त्यावर नाव, रक्तगट, असलेले आजार, रोजची औषधे व त्यांची मात्रा, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का, आणि घरच्या दोन व्यक्तींचे भ्रमणध्वनी क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहावेत. मजकूर मराठीत व इंग्रजीतही असावा, कारण अपघात तेलंगणात किंवा मध्य प्रदेशात होऊ शकतो. कागद पारदर्शक चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी मढवला की घामाने किंवा पावसाने भिजत नाही.

सारे काही मोबाइलमध्ये आहे, मग कागद कशाला, असा प्रश्न येतो. अपघातात बहुधा पहिल्यांदा मोबाइलच फुटतो किंवा हरवतो. शाबूत राहिला तरी तो कुलूपबंद असतो. घरच्यांचे क्रमांक आता कुणाला पाठ नसतात. बहुतेक स्मार्टफोनमध्ये आजारांची माहिती व तातडीचे संपर्क क्रमांक कुलूप न उघडता दिसतील अशी सोय आहे. ती जरूर भरून ठेवावी, पण कागदासोबत. त्या कागदावर आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा एटीएमचा गुप्त क्रमांक लिहू नये. घराची किल्ली आणि घराचा पत्ता एकाच डबीत ठेवणे म्हणजे तर चोराला आमंत्रणच.

याच कागदाच्या मागे मदतीचे क्रमांक लिहावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेत १३९ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मदत मागताना आपण नेमके कुठे आहोत हे सांगता येणे सर्वांत अवघड जाते. रात्री महामार्गावर दोन्ही बाजूंना फक्त शेते असतात. किलोमीटरच्या दगडावरील आकडा किंवा मागे गेलेल्या टोलनाक्याचे नाव लक्षात ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते.

कागदाला लागूनच काही रोकड. दहा, वीस, पन्नास व शंभराच्या नोटांत दोन-तीनशे रुपये असावेत. वादळात मोबाइलचे नेटवर्क गेले की ऑनलाइन देवाणघेवाण थांबते आणि ऑटोरिक्षावाल्याकडे पाचशेचे सुटे कधीच नसतात.

काच, धूर आणि अंधार

आता सुरुवातीला उल्लेखिलेल्या काचेकडे. मोटार व बस यांच्या बाजूच्या खिडक्यांना बहुधा कडक केलेली काच असते. तिच्यावर मुठीने वा लाथेने मारले तरी ती दाद देत नाही. पण कठीण टोकाचा छोटासा आघात कोपऱ्याजवळ झाला की संपूर्ण काच बारीक दाण्यांसारखी विखुरते. समोरची काच वेगळी. दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा असल्याने ती तडकते, पण फुटून पडत नाही, म्हणून तिच्यावर वेळ दवडू नये. काच फोडण्याचे अंगठ्याएवढे स्प्रिंगचे साधन किल्लीच्या जुडग्यात अडकविता येते. त्यासोबत सीटचा पट्टा कापण्याचे आड पाते असलेले साधनही मिळते. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चढल्यावर ते बॅगेत न टाकता अंगावरच्या खिशात ठेवावे, आणि संकटकालीन खिडकी कोणती व हातोडी कुठे टांगली आहे हे झोपण्याआधी पाहून घ्यावे. हातोडीची जागा पुष्कळदा रिकामीच आढळते. तसे असेल तर वाहकाला विचारण्यात संकोच बाळगू नये.

पुरातही हीच काच आडवी येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या मोटारींच्या विजेवर चालणाऱ्या काचा न उघडल्याने काही जण आतच गुदमरले. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडत नाही. म्हणून पाणी खिडकीपर्यंत चढण्याआधीच काच खाली घ्यावी किंवा फोडावी. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांनी पूर पाहिला, तर २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून वस्त्या पाण्याखाली गेल्या. वाहत्या पुलावरून गाडी घालण्याच्या धाडसावर कोणताही बटवा उपाय नाही.

आगीत ज्वाळांइतकाच धूर घातक असतो. ओला शेला नाकातोंडावर धरल्याने काजळी अडते व डोळे-घसा थोडे सावरतात. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र कापडातून सहज पार होतो. ओल्या कापडाच्या भरवशावर आत थांबू नये. खाली वाकून, शक्य तितक्या लवकर बाहेर पडावे.

अंधारासाठी बोटभर लांबीचा टॉर्च पुरेसा होतो. मोबाइलच्या दिव्यावर विसंबले की ज्या वेळी बोलण्याची गरज असते, त्याच वेळी बॅटरी संपते. पॉवर बँक घेताना तिच्यावरील आकड्याने फसू नये. १०,००० एमएएच क्षमतेच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा असते. वाटेतील गळती वजा जाता ५,००० एमएएचचा फोन तिच्यातून पूर्ण दोनदा भरत नाही, जेमतेम दीड वेळा भरतो. दैनंदिन प्रवासाला तेवढे पुष्कळ झाले. विमानप्रवासात ती हातातील सामानातच ठेवावी लागते.

शिट्टी ही पोरवयाची वस्तू वाटेल. ढिगाऱ्याखाली, पाण्याच्या गोंगाटात किंवा पुलाखाली पडलेल्या दुचाकीजवळून ओरडून ओरडून आवाज बसतो. शिट्टी मात्र क्षीण श्वासावरही वाजते. थांबून थांबून तीनदा वाजविणे हा मदतीचा संकेत जगभर ओळखला जातो. एकट्याने उशिरा घरी परतणाऱ्या तरुणींनाही तिचा उपयोग आहे. मिरचीच्या फवाऱ्याचे अनेकजण नाव घेतात, परंतु वाऱ्याची दिशा चुकली तर तो फवारणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो.

जखम आणि दंश

प्रथमोपचारासाठी फार काही लागत नाही. दोन-तीन निर्जंतुक गॉजच्या घड्या, एक गुंडाळण्याचे बँडेज, औषधी चिकटपट्ट्या, चार सेफ्टी पिना आणि हातमोज्यांचा एक जोड. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे, आणि मधेमधे उचलून न पाहणे, हा उपाय बहुतेक जखमांना पुरतो. शेला तिरपा दुमडला की हात गळ्यात बांधण्याची झोळी तयार होते. जखमेवर हळद, तंबाखू किंवा कॉफीची भुकटी दाबू नये. भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. दंतमंजनाची नळी बटव्यात नको.

सर्पदंशासाठी बाजारात मिळणारे ओढणी यंत्र किंवा ब्लेड घेऊ नये. दोरी आवळणे, चीर देणे, रक्त शोषणे या तिन्ही गोष्टी नुकसानच करतात. दंश झालेला अवयव हलू न देता, रुग्णाला चालू न देता रुग्णालयात नेणे हाच उपचार होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय यांपैकी आपल्या वाटेवर कोणते जवळ पडते, हे माहीत असणे कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक कामाचे.

बटवा दुसऱ्यासाठीही उघडावा लागतो. अपघातग्रस्ताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार देण्याची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे.

सुरी नकोच

परदेशी याद्यांत सुरीला मानाचे स्थान असते. आपल्याकडे शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या, घरगुती वा शेतीच्या कामाच्या नसतील तर, शस्त्रांत मोडतात. त्याहून लहान सुरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना अडचणीची ठरू शकते आणि सणांच्या काळात असे आदेश निघतच असतात. गर्दीत सुरी बाळगणाऱ्याला तिचा उपयोग होण्याआधी तिचे स्पष्टीकरण द्यावे लागते. बोथट टोकाची छोटी कात्री व नेलकटर यांनी शहरातील सर्व कामे होतात.

पाण्याची बाटली, शेला आणि पॉवर बँक वगळता हे सर्व सामान शाळकरी मुलांच्या पत्र्याच्या कंपासपेटीत मावते. पेटी झिपच्या प्लास्टिक पिशवीत घातली की पावसाची चिंता मिटते. पेटीत मावत नाही ते घेऊ नये; बटवा जड झाला की तो तिसऱ्या दिवशी घरी राहतो. दुचाकीस्वाराने ही पेटी भरण्याआधी हेल्मेट घ्यावे, हे वेगळे सांगायला नको.

औषधांबाबत एक सावधगिरी हवी. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. उन्हात उभ्या मोटारीच्या आत तापमान ६० अंशांच्या आसपास जाते. दुचाकीच्या डिकीचीही तीच गत. तेथे महिनाभर पडलेल्या गोळीचा भरवसा धरता येत नाही. पॉवर बँकही तेथे ठेवणे धोक्याचे. औषधांत स्वतःची रोजची दोन दिवसांची गोळी आणि पॅरासिटामॉल एवढेच ठेवावे. हृदयविकाराच्या रुग्णाने छातीत दुखल्यास घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून ठेवावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

पुलगावची रात्र

घरासाठीही असाच एक संच हवा का? याचे उत्तर जिल्ह्यातच मिळते. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. अग्निशमन कर्मचारी व दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांना प्राण गमवावे लागले आणि आगरगाव, नागझरी यांसारख्या शेजारच्या गावांतील लोकांना ऐन रात्री घर सोडावे लागले. अशा वेळी कपाट उघडून कागद शोधायला सवड नसते. दाराजवळच्या खुंटीवर एक पिशवी कायम टांगलेली असावी. तिच्यात शिधापत्रिका, सातबारा, विम्याचे कागद व दाखल्यांच्या प्रती, वृद्धांची आठवडाभराची औषधे, चष्मा, टॉर्च, तान्हे मूल असेल तर त्याचे कपडे असावेत. आणि घरातील माणसे पांगली तर कुणाकडे जमायचे, ते नाव घरातील प्रत्येकाला, लहान मुलांनाही, ठाऊक असावे.

डबी आणि पिशवी दोन्ही वर्षातून दोनदा उघडून पाहाव्यात. गुढीपाडव्याला उन्हाळ्याच्या तोंडावर ओआरएसच्या पुड्या व औषधांच्या मुदती तपासाव्यात. दसऱ्याला टॉर्चचे सेल बदलावेत, पावसाळ्यात ओलसर झालेला गॉज काढून टाकावा व कागदावरील क्रमांक अजून चालू आहेत का ते फोन लावून पाहावे. पॉवर बँक मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भरून ठेवावी लागते.